३०० चा प्लॅन घेण्याआधी: घरचा मीडिया सर्व्हर बाहेरगावी दाखवताना अपलोड कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा: लातूरला घरी जुन्या ऑफिस पीसीवर, आठव्या पिढीच्या इंटेल आय५ प्रोसेसरवर, जेलीफिन (घरचे व्हिडिओ नेटवरून दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. त्यावर वडिलांनी हौसेनं जमवलेली सप्त्यांमधल्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ आणि मुलांची स्नेहसंमेलनं आहेत. भाऊ पुण्यात, ताई नांदेडला, वडील औशाजवळ गावी, आणि तिघंही टेलस्केलवरून, म्हणजे घरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या खाजगी व्हीपीएनवरून, बघतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण रात्री नऊनंतर अपलोड २२ च्या आसपासच मिळतो. दोघांनी एकदम लावलं की गोल फिरायला लागतं आणि नेमकी तेव्हाच घरातली ऑफिसची मीट (व्हिडिओ बैठक) तुटते. ३०० चा प्लॅन घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी एकात एक मिसळली आहेत. पहिलं, काही फाइल इतक्या जड आहेत की त्या तुमच्या लाइनीत मावतच नाहीत. दुसरं, मावणारी फाइलसुद्धा मध्येमध्ये अख्खी लाइन व्यापते आणि घरातल्या बाकीच्यांना राउटरच्या रांगेत ताटकळत ठेवते. पहिल्याचा इलाज सर्व्हरवर आहे, दुसऱ्याचा राउटरवर. मोठ्या प्लॅननं पहिलं थोडं हलकं होईल, दुसरं बहुतेक आहे तिथंच राहील. बीड-लातूर-नांदेड पट्ट्यात केबलवाल्यांची आणि शाळांची नेटवर्कं उभी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तिथंही लोक आधी प्लॅन वाढवतात आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतात.

आधी हिशेब. फाइल किती जीबीची आणि किती वेळाची, एवढं कळलं की सरासरी बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो तो आकडा, निघतो: जीबी गुणिले ८०००, भागिले सेकंद. व्हिडिओग्राफरनं पेन ड्राइव्हवर दिलेली लग्नाची फाइल तीन तासांची आणि ३६ जीबीची आहे असं धरा. ३६ गुणिले ८००० म्हणजे २,८८,०००, भागिले १०,८००, म्हणजे साधारण २६.७ एमबीपीएस. तुमचा रात्रीचा अपलोड २२. म्हणजे ताई एकटीच बघत असली, घरात दुसरं कोणी काही करत नसलं, तरी ती फाइल मूळ रूपात चालणार नाही. तिथं सेटिंग बदलून काही होत नाही. आणि ही सरासरी झाली. मंगलाष्टकं चालू असताना चित्र स्थिर असतं, बिटरेट खाली येतो. वरातीत दिवे, धूर आणि नाचणारी माणसं आली की तोच बिटरेट सरासरीच्या वर उसळतो. फाइल नेमकी वरातीतच अटकते ती यामुळे.

आता ते २२ कुठून आले ते बघू. प्लॅनवर १०० लिहिलेलं असतं तो तुमच्या खात्याला लावलेला वरचा आकडा. फायबरची लाइन एकट्या तुमच्या घराची नसते. जीपॉन या फायबर वाटून देण्याच्या पद्धतीत केबलवाल्याच्या एका पोर्टवर खाली २.४८८ जीबीपीएस आणि वर १.२४४ जीबीपीएस असतात, आणि त्या एका पोर्टवर ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असू शकतात. सगळी घरं एकाच वेळी वर डेटा पाठवत नाहीत, म्हणून हे एरवी पुरतं. तालुक्याच्या गावी खरी चिमटी बहुधा पुढे असते, ऑपरेटरनं वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थमध्ये. दुपारी ९५ आणि रात्री २२ अशी दरी दिसली की समजावं, कमी पडतंय ते सामाईक आहे. ३०० चा प्लॅन घेतला तर दुपारी २८० दिसतील आणि रात्री पुन्हा पंचवीस-तीस. ऑपरेटरला "स्पीड किती?" असं विचारू नका. "रात्री साडेनऊला अपलोड किती मिळेल?" असं विचारा. तो गप्प राहिला तर उत्तर मिळालं.

स्पीडटेस्टवरही डोळे झाकून विसंबू नका. ती जवळचा सर्व्हर निवडते, तो बऱ्याचदा ऑपरेटरच्याच नेटवर्कात असतो आणि आकडा छान येतो. तुमच्या सर्व्हरवर आणि भावाच्या लॅपटॉपवर आयपर्फ३ (दोन यंत्रांमधला वेग मोजणारं साधन) टाका आणि रात्री दोघांमध्ये थेट मोजा. सर्व्हर आणि राउटर यांच्यात लॅनची वायर हवी. वायफायवर ठेवलेल्या सर्व्हरची मोजणी म्हणजे तुमच्या भिंतींची मोजणी.

मीट तुटण्याकडे येतो, कारण तिथंच लोक चुकीच्या जागी शोधतात. रात्री घरात कोणी काही बघत नसताना लॅपटॉपवरून गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसेल. वीस-तीस मिलिसेकंद येतील. मग ताईला लग्नाची फाइल लावायला सांगा आणि पिंगकडे बघत रहा. आकडा तीनशे-चारशेवर गेला, तर त्याला बफरब्लोट म्हणतात: राउटरच्या पोटात पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, लांबच लांब रांग साचते आणि प्रत्येक नवं पॅकेट तिच्या शेपटाला उभं राहतं. हंगामात बाजार समितीच्या काट्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि मागं दोन पोती घेऊन मोटारसायकलवाला अडकलेला असतो, तशी तुमच्या मीटची गत होते. मीटला फार बँडविड्थ लागत नाही. साध्या व्हिडिओ कॉलला एक ते चार एमबीपीएस पुरतात. तिचं पॅकेट वेळेवर निघायला हवं, एवढीच तिची मागणी. अपलोड तुंबला की डाउनलोडही मंदावतो, कारण आलेल्या डेटाची पोच परत पाठवावी लागते आणि ती पोचही त्याच रांगेत उभी असते. म्हणून घरातले म्हणतात, "नेटच गेलं."

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. जेलीफिनमध्ये किंवा तसल्याच प्लेक्समध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी बिटरेटची मर्यादा लावता येते, आणि लोकांना वाटतं की ४ एमबीपीएसची मर्यादा लावली म्हणजे सर्व्हर चारच्या वर पाठवणार नाही. तसं होत नाही. ती मर्यादा फक्त कोणत्या दर्जाचा व्हिडिओ द्यायचा ते ठरवते. फाइल चारपेक्षा हलकी असेल तर जशीच्या तशी, जड असेल तर ट्रान्सकोड करून, म्हणजे तिथल्या तिथं हलक्या रूपात बदलून. पण पाठवताना टीव्हीवरचं अॅप पुढची काही मिनिटं आधीच भरून घेतं, आणि ते भरताना मिळेल तेवढा वेग ओढतं. म्हणजे चारची स्ट्रीम सुरू होताना काही सेकंद तुमचे बावीसच्या बावीस खाते, मग शांत होते, मग पुन्हा एक उसळी. कोणी मध्येच पुढे सरकवलं की परत तेच. पंधरा मिनिटांची सरासरी काढाल तर चारच दिसेल. मीटला मात्र सरासरीशी देणंघेणं नाही. ट्रान्सकोडसुद्धा प्रत्यक्ष वेळेपेक्षा जास्त वेगानं पुढे पळतं. त्यासाठी जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये ट्रान्सकोड थ्रॉटल करण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. त्यानं प्रोसेसरची धाव आवरते, रांग मात्र तशीच राहते.

रांग आवरायची ती राउटरवर. यावर चांगलं औषध दहाहून जास्त वर्षांपासून उपलब्ध आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग आखूड ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यापासून एफक्यू-कोडेल झालं आणि पुढं केक आलं, जे २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नेलमध्ये दाखल झालं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर एसक्यूएम नावाचं रांग आवरणारं पॅकेज टाका आणि वॅनचा, म्हणजे बाहेरच्या नेटचा, इंटरफेस निवडा, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डची जोडणी) असेल तर पीपीपीओईचा. रांगेचा प्रकार केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. अपलोडच्या रकान्यात तुमच्या वाईटात वाईट रात्रीच्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के टाका, म्हणजे २२ ला १९,००० किलोबिट. डाउनलोडच्या रकान्यात शून्य टाकलं की त्या बाजूला हात लागत नाही. तुमचं दुखणं अपलोडचं आहे, आणि एकाच बाजूला काम असेल तर स्वस्त राउटरचा प्रोसेसरही निभावतो.

१०-१५ टक्के फुकट घालवल्यासारखं वाटेल. पण नेमकं तेच काम करतं: अडथळा ऑपरेटरच्या यंत्रातून उचलून तुमच्या राउटरमध्ये आणला, की रांग कशी लावायची हे तुमच्या हातात येतं. प्रगत पर्यायांमध्ये बाहेर जाणाऱ्या बाजूला 'नॅट' आणि 'ड्युअल-एसआरसीहोस्ट' हे दोन शब्द टाकले की केक घरातल्या यंत्रांमध्ये वाटणी करतं. तिघं मिळून सर्व्हरला कितीही ओढोत, ऑफिसच्या लॅपटॉपला त्याचा वाटा मिळतोच. लॅपटॉपला गरज नसेल तेव्हा तोच वाटा सर्व्हरला जातो. हाताने ठरवलेल्या प्राधान्यांपेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण सहा महिन्यांनी नवा टीव्ही आला तरी काही बदलावं लागत नाही. एक खाच लक्षात ठेवा. राउटरमध्ये हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटं परस्पर चिपमधून पाठवण्याची सोय) चालू असेल तर पॅकेटं एसक्यूएमला बगल देऊन जातात. ते बंद करा, नाहीतर सगळं बरोबर लावूनही पिंग चारशेच राहील.

ऑपरेटरनं दिलेल्या डब्यात यातलं काही मिळत नाही. त्याला तो डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढं देण्यावर, टाकायला सांगा आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. गावाकडचे केबलवाले ओळखीनं देतात, मोठ्या कंपन्यांची माणसं जरा कुरकुर करतात. नाहीच दिलं तर तो डबा तसाच ठेवा, त्याच्यामागं तुमचा राउटर लावा आणि घरातलं झाडून सगळं, कॅमेऱ्यासकट, तुमच्या राउटरवर आणा. दुहेरी नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) होईल, टेलस्केलला त्यानं जरा कष्ट पडतील, पण रांग तुमच्या ताब्यात येईल.

राउटरला हात लावायचाच नसेल तर तुमच्याकडे तिसरी वाट आहे, कारण तिघंही टेलस्केलवरून येतात. सर्व्हर लिनक्सवर असेल तर टीसी या आज्ञेनं थेट टेलस्केलच्या इंटरफेसवर केक बसवता येतं, १२ एमबीपीएसची हद्द घालून. इथं 'ड्युअल-डीएसटीहोस्ट' वापरा, म्हणजे वाटणी तिघा प्रेक्षकांमध्ये होईल. घरातल्या टीव्हीचा डेटा लॅनच्या इंटरफेसवरून जातो, त्याला धक्का लागत नाही. हीच हद्द सर्व्हरच्या लॅन कार्डावर घातली तर घरातला टीव्हीही बारामध्ये कोंडला जाईल, म्हणून इंटरफेस बघून. या वाटेची उणीव एवढीच की फोनचे बॅकअप आणि कॅमेरे तिच्या कक्षेत येत नाहीत.

आता जड फाइलींचं. आठव्या पिढीच्या आय५ मध्ये क्विक सिंक हा व्हिडिओचं काम करणारा भाग आहे, तो १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ हा नवा व्हिडिओ प्रकारही, उलगडतो. तीन ट्रान्सकोड त्याला जड नाहीत. पण मी तुम्हाला बाहेरच्यांसाठी ट्रान्सकोडवर विसंबू नका असं सांगेन. कमी बिटरेटवर हार्डवेअर एन्कोडरचं चित्र सॉफ्टवेअरनं सावकाश काढलेल्या चित्रापेक्षा मळकट येतं, आणि तुमची फाइल तर एकदाच बनवायची आहे. रात्री पीसी रिकामाच असतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामला फाइलींची रांग लावून द्या आणि 'बाहेरगाव' नावाची वेगळी लायब्ररी तयार करा. भाऊ, ताई आणि वडील यांच्या खात्यांना फक्त तीच लायब्ररी दिसू द्या, मूळ लायब्ररी घरातल्या टीव्हीपुरती. एकाच व्हिडिओच्या दोन आवृत्त्या एकत्र ठेवण्याची सोय जेलीफिनमध्ये आहे. पण मग आवृत्ती बघणाऱ्यानं निवडायची असते, आणि रिमोट हातात घेतलेला माणूस सर्वांत मोठा आकडाच निवडतो.

कोणत्या फाइलला किती बिटरेट, याचं सरसकट उत्तर देणारे कोष्टक मला पटत नाही. कीर्तनात कॅमेरा तिकाटण्यावर असतो, मागं पडदा, पुढं बुवा, बाजूला टाळकरी. चित्र फार हलत नाही. ७२०पी ला सव्वा ते दीड एमबीपीएस रग्गड झाले. तिथं आवाजात कंजुषी नको, पखवाज आणि टाळ एकत्र वाजताना कमी बिटरेटचा आवाज लगेच फाटतो. एएसी स्टिरिओ १२८ ठेवा. दोन तासांचं कीर्तन दीड जीबीच्या आत बसतं. लग्नाला ७२०पी वर तीन. स्नेहसंमेलनातले रंगीत दिवे आणि अंधारा मंडप एन्कोडरला छळतात, तिथंही तीनच्या खाली जाऊ नका. हँडब्रेकमध्ये स्थिर दर्जा आरएफ २२ ठेवा आणि त्यावर प्रगत पर्यायांमध्ये व्हीबीव्ही मॅक्सरेट ४००० आणि बफसाइझ ८००० घाला. दर्जा स्थिर राहतो, सोप्या दृश्यांत जागा वाचते आणि वरातीतली उसळी चारच्या आसपास दाबली जाते. मूळ ५०आय मध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींनी, चित्रित झालेल्या जुन्या कॅसेटी असतील तर डीइंटरलेस करायला विसरू नका, नाहीतर कंगव्यासारख्या रेषांवरच निम्मे बिट खर्च होतील.

कोडेकबद्दल (व्हिडिओ दाबून बांधण्याच्या पद्धतीबद्दल) माझं मत जरा जुनाट वाटेल: बाहेरगावच्या लायब्ररीत एच.२६४, ८-बिट, एमपी४. एचईव्हीसीनं फाइल तिसऱ्या हिश्शानं, कधी निम्म्यानं लहान होते हे खरं. पण ताईच्या जुन्या टीव्हीनं किंवा भावाच्या ब्राउझरनं ती नाकारली की सर्व्हर मुकाट्यानं ट्रान्सकोड सुरू करतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. एच.२६४ सगळीकडे जशीच्या तशी चालते. हँडब्रेकमधला 'वेब ऑप्टिमाइझ्ड'च्या चौकोनात टिक करा, त्यानं फाइल पटकन सुरू होते.

मग जेलीफिनच्या डॅशबोर्डवर, प्लेबॅकखालच्या स्ट्रीमिंगमध्ये, इंटरनेट बिटरेटची मर्यादा ४ ठेवा. हीच मर्यादा प्रत्येक युजरच्या पानावर वेगळीही लावता येते. वडिलांच्या खात्याला २ पुरेत. एक अट आहे: ही मर्यादा जेलीफिन ज्याला 'बाहेरचा' समजतं त्यालाच लागते. टेलस्केलचे पत्ते १०० पासून सुरू होतात, ते घरातले धरले जात नाहीत, म्हणून मर्यादा लागू होते. पण कोणी टेलस्केलची सबनेट राउटरची सोय (अख्खं घरचं नेटवर्क उघडणारी) वापरून येत असेल, किंवा पुढं रिव्हर्स प्रॉक्सी (मध्ये राहून मागण्या सर्व्हरकडे देणारा प्रोग्राम) असून 'नोन प्रॉक्सीज'चा रकाना रिकामा असेल, तर सगळे प्रेक्षक घरच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात आणि मर्यादा लागत नाही. युजरच्या पानावर डाउनलोडची परवानगीही काढून टाका. डाउनलोडला बिटरेटची मर्यादा लागू नाही. भावानं रात्री दहाला एक फाइल उतरवायला घेतली की लाइन त्याची झाली. द्यायचीच असेल तर मध्यरात्रीनंतर उतरवायचं असं घरात ठरवा.

प्लेक्सवाल्यांसाठी दोन शब्द. तिथं बाहेरच्या स्ट्रीमची बिटरेट मर्यादा आणि एका युजरला किती स्ट्रीम, हे दोन्ही सर्व्हर सेटिंगमध्ये आहे. थेट जोडणी झाली नाही तर प्लेक्स स्वतःच्या रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, पाठवतं, आणि रिलेची हद्द १ एमबीपीएस, प्लेक्स पास असेल तर २. चित्र अचानक पिक्सेलांचं झालं आणि डॅशबोर्डवर 'इनडायरेक्ट' दिसलं तर तुमच्या अपलोडला दोष देऊ नका. एप्रिल २०२५ च्या शेवटापासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला मालकाकडे प्लेक्स पास किंवा बघणाऱ्याकडे रिमोट वॉच पास लागतो. केवळ तेवढ्यासाठी जेलीफिनकडे आलेले बरेच जण मला माहीत आहेत.

टेलस्केलमध्येही रिले आहेच. सर्व्हरवर टेलस्केल स्टेटस ही आज्ञा चालवा. ताईच्या यंत्रापुढं 'डायरेक्ट' दिसलं तर ठीक. 'रिले' दिसलं तर तुमचे व्हिडिओ तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून जाताहेत आणि तिथला वेग तुमच्या हातात नाही. दोन्हीकडे सीजीनॅट (ऑपरेटर एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतो ती पद्धत) असलं की असं होतं. तुमच्या राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका, ते तिथं चालत नाही. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) चालू करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मोबाइल नेटवर्कांवर ते बहुतेक असतंच, घरच्या राउटरमध्येच बंद ठेवलेलं असतं. नाही जमलं तर ऑपरेटरकडून वरचे पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या. जेलीफिनचं ८०९६ पोर्ट मात्र उघडं इंटरनेटवर टाकू नका.

नांदेडचा विषय निघाला म्हणून सांगतो. लातूरहून नांदेड गाडीनं तीन तासांवर, पण तुमची लाइन एका कंपनीची आणि ताईची दुसऱ्या कंपनीची असेल तर डेटा बहुधा मुंबईला जाऊन परत येतो. वाटेत कुठंतरी रात्री गर्दी असेल तर तुमचा अपलोड मोकळा असूनही तिथं गोल फिरेल. पुण्याला नीट चालतंय आणि नांदेडलाच अटकतंय असं दिसलं तर आधी ताईच्या बाजूनं आयपर्फ करा.

अपलोड खाणारे बाकीचे चोर घरातच असतात. क्लाउडवर चालणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर एक-दोन, एच.२६४ वर चारपर्यंत एमबीपीएस सतत वर पाठवतो. असे दोन असतील तर तुमच्या बावीसातला बराच भाग त्यांचाच. सब-स्ट्रीम (हलक्या दर्जाचं चित्र) क्लाउडला आणि पूर्ण दर्जा घरातल्या डीव्हीआरला, असं लावा. फोनवरचा फोटो बॅकअपही बघा. आयफोनचा ४के व्हिडिओ मिनिटाला १७० एमबी होतो, लग्नाहून आलेले चार फोन एका रात्रीत वायफायवर आले की काय होईल ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडं यात भर भारनियमनाची. वीज आली की फोन, कॅमेरे, सिंकथिंग (यंत्रांमधल्या फाइली जुळवून ठेवणारा प्रोग्राम) सगळे एकदम जागे होतात आणि राहिलेलं वर ढकलू लागतात. संध्याकाळी वीज आल्यावर अर्धा तास सर्व्हर अटकतो, मग आपोआप सुधारतो, ही तक्रार त्यातलीच. केक असेल तर हे निभतं. नसेल तर सिंकथिंगला सेकंदाला ५०० केआयबीची, म्हणजे सुमारे ४ एमबीपीएसची हद्द घाला. क्लाउडवर फाइली पाठवणारं आरक्लोन वापरत असाल तर त्यात वेळेनुसार वेग ठरवता येतो. राउटर आणि ओएनटी (फायबरची वायर येते तो डबा) दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस हवा. एकालाच लावून दुसऱ्याला विसरलेली घरं पुष्कळ बघितली.

महिन्याच्या कोट्याची चिंता तुम्हाला बहुधा नाही. तिघांनी रोज दोन-दोन तास ४ एमबीपीएसनं बघितलं तर दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला ३२४. 'अमर्याद' म्हणवणाऱ्या फायबर प्लॅनांवर पुष्कळदा ३३०० जीबीची हद्द असते, त्यात हे सहज बसतं. काही एअरफायबर (बिनतारी) प्लॅनांवर ती १००० आहे, तिथं तिसरा हिस्सा यातच जाईल. शिवाय हवेतल्या जोडणीचा अपलोड तासातासाला बदलतो, त्यामुळे एसक्यूएमचा ठरावीक आकडा तिथं नीट बसत नाही. सर्व्हर ठेवायचा असेल तर वायरीचं फायबरच बरं.

वडिलांचं गणित उलट आहे. गावी ते मोबाइल पॅकवर बघत असतील तर कमी पडतंय ते त्यांच्याकडे. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर २ एमबीपीएसच्या व्हिडिओला एक तास चाळीस मिनिटांत संपतो, एक कीर्तनही पुरं होत नाही. त्यांच्यासाठी कीर्तनांची नुसती ऑडिओ लायब्ररी करा. ९६ केबीपीएसला तासाला ४३ एमबी लागतात, दोन तासांचं कीर्तन ९० एमबीच्या आत. बुवांचा चेहरा बघायचा आग्रह असेल त्या दिवशी व्हिडिओ, एरवी ऑडिओ. भावाला मूळ ४के फाइलीच हव्या असतील तर त्या लाइनीवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. २ टीबी २० एमबीपीएसनं पाठवायला सलग सव्वानऊ दिवस लागतात. दिवाळीला येईल तेव्हा डिस्क द्या त्याच्या हाती.

हे सगळं केल्यावर तुमचा रात्रीचा हिशेब असा बसेल: १९ पैकी मीटला ४, कॅमेऱ्यांना ३, उरलेल्या १२ मध्ये तिघंही चार-चारवर. वडील ऑडिओवर असले तर हात राखूनच. यानंतरही रात्री नऊला अपलोड १५ च्या खाली जात असेल, तर प्लॅन न वाढवता ऑपरेटर बदला. नव्या लाइनीची महिनाभर रात्री मोजणी करा, तोवर जुनी तोडू नका.

करून बघा. तरीही अटकलं तर तीन गोष्टी लिहा: स्ट्रीम चालू असताना पिंगचा आकडा, डॅशबोर्डवर त्या प्रेक्षकापुढं डायरेक्ट प्ले दिसतं की ट्रान्सकोड, आणि टेलस्केल स्टेटसमध्ये डायरेक्ट की रिले. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल.